तालुक्याचा तुरुंग कशासाठी?

कर्जत व खालापूर तालुक्यांतील बंदिवानाला आधी ठाण्याची आणि नंतर अलिबागची वाट धरावी लागली. कारागृह जवळ असण्याचा न्यायाशी काय संबंध, याचा हा मागोवा.

कर्जत किंवा खालापूरच्या न्यायालयात एखाद्या आरोपीस ‘न्यायालयीन कोठडी’ सुनावली जाते, तेव्हा त्या दोन शब्दांचा अर्थ त्याच्या घरच्यांना लगेच उमगतोच असे नाही. पोलीस ठाण्याच्या कोठडीतून आपला माणूस सुटला, असे काहींना क्षणभर वाटते. मग वॉरंट तयार होते, पोलिसांची ‘कैदी पार्टी’ येते आणि त्याला गाडीत बसवून तालुक्याबाहेर नेले जाते. कारागृह विभागाचे मध्यवर्ती अथवा जिल्हा कारागृह या दोन्ही तालुक्यांत नाही. कर्जतहून पाहता अशी कारागृहे तीन दिशांना आहेत. जिल्ह्याचे कारागृह अलिबागला, मध्यवर्ती कारागृह तळोजाला आणि रेल्वेमार्गावरचे सर्वांत जवळचे कल्याणच्या आधारवाडीला. कर्जतहून अलिबागला जायचे तर खोपोली, पेण, वडखळ असा सुमारे ऐंशी किलोमीटरचा प्रवास करावा लागतो.

हे अंतर केवळ प्रवासाचे नाही. जामीन मिळण्यास किती दिवस लागतील, वकिलाशी बोलता येईल की नाही, घरच्यांची भेट महिन्यातून एकदा होईल की अजिबात होणार नाही, या गोष्टी त्या अंतरावर अवलंबून असतात. एखाद्या भागाला त्याचे स्वतःचे कारागृह केव्हा व कसे मिळते, या प्रश्नाचा विचार म्हणूनच केवळ इमारतीपुरता करता येत नाही.

कोठडी आणि कारागृह

सर्वसामान्य बोलण्यात ‘लॉकअप’, ‘कोठडी’, ‘जेल’ हे शब्द एकाच अर्थाने वापरले जातात. कायद्याच्या दृष्टीने त्यांत मोठा फरक आहे. अटक झालेल्या व्यक्तीस चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांपुढे उभे करणे हे राज्यघटनेच्या २२ व्या कलमाने बंधनकारक केले आहे. त्यानंतर दंडाधिकारी तिला तपासासाठी पोलिसांच्या ताब्यात देऊ शकतात. ही पोलीस कोठडी असून तिची एकूण मर्यादा पंधरा दिवसांची आहे. पोलिसांना ताबा आवश्यक नसेल आणि जामीनही मंजूर झाला नसेल, तर आरोपी न्यायालयाच्या वतीने कारागृहाच्या स्वाधीन केला जातो. ही न्यायालयीन कोठडी.

१८९४ च्या कारागृह अधिनियमाने ‘कारागृह’ या शब्दाची व्याख्या करताना पोलिसांच्या ताब्यातील बंद्यांची जागा त्यातून स्पष्टपणे वगळली आहे. तपास करणारा आणि सांभाळ करणारा हे दोघे वेगळे असावेत, हे त्यामागील तत्त्व आहे. आरोपीला कबुलीसाठी दडपण आणण्याची ज्याला सोय आहे, त्याच्याच हाती त्याचे जेवण, झोप आणि औषधपाणी राहू नये, असा त्याचा साधा अर्थ. तालुक्यात चांगले पोलीस ठाणे असले म्हणजे कारागृहाची गरज भागते, हा समज म्हणूनच चुकीचा ठरतो.

गडांपासून ठाण्याच्या किल्ल्यापर्यंत

इंग्रजपूर्व काळात या मुलुखात तुरुंग म्हणून बांधलेल्या वेगळ्या इमारती नव्हत्या. दंड, मालमत्तेची जप्ती, हद्दपारी आणि शारीरिक शिक्षा यांवर तत्कालीन न्यायव्यवस्थेचा भर होता. ज्याला डांबून ठेवणे राज्याच्या दृष्टीने आवश्यक असे, त्याची रवानगी गडावर होई. पेशवाईतील कारभारी सखारामबापू बोकील यांना अखेरचे दिवस रायगडावर कैदेत काढावे लागले आणि १७८१ मध्ये तेथेच त्यांचा अंत झाला. गडावरील बंदीला बहुधा ठरावीक मुदत नसे. सुटका कारभाऱ्यांच्या मर्जीवर किंवा राजकारणाच्या फेऱ्यावर अवलंबून असे.

कर्जत व खालापूर यांच्या दृष्टीने पहिला महत्त्वाचा तुरुंग ठरला तो ठाण्याचा. आज ही गोष्ट विचित्र वाटेल, परंतु एकोणिसाव्या शतकात कर्जत हा ठाणे जिल्ह्याचा तालुका होता आणि खालापूर हा त्याचाच एक पेटा होता. माथेरानची ओळख १८५० मध्ये जगाला करून देणारे ह्यू मॅलेट हे ठाण्याचेच जिल्हाधिकारी होते, हे येथे आठवावे.

ठाण्याच्या किल्ल्याचे बांधकाम पोर्तुगीजांनी १७३० मध्ये आरंभले. १७३७ च्या मोहिमेत तो मराठ्यांकडे आला आणि १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी तो जिंकून घेतला. गंगाधरशास्त्री पटवर्धन यांच्या १८१५ मधील खुनाच्या प्रकरणात पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे यांना इंग्रजांनी येथेच ठेवले होते. १२ सप्टेंबर १८१६ च्या रात्री त्रिंबकजी या किल्ल्यातून निसटले. बाहेर घोड्याची निगा राखणाऱ्या एका माणसाने गाण्यातून त्यांना पलायनाचा संकेत दिला, अशी कथा सांगितली जाते.

पुढे हा किल्ला सामान्य कैद्यांचा तुरुंग झाला. कोळ्यांच्या उठावाचे नेते राघोजी भांगरे यांना १८४८ मध्ये येथे फाशी देण्यात आले. नाशिकच्या जॅक्सन खून खटल्यातील अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी फासावर चढविण्यात आले, तेही येथेच. ठाण्याचे मध्यवर्ती कारागृह आजही त्याच तटाच्या आत आहे.

हिराकोट: जिल्ह्याचा पहिला तुरुंग

आजच्या रायगड जिल्ह्याचे जुने कारागृह मात्र अलिबागचे. त्याची वास्तूही एक किल्लाच आहे. कान्होजी आंग्रे यांनी १७२० च्या सुमारास अलिबागच्या किनाऱ्यावर, कुलाब्याच्या जलदुर्गासमोर, काळ्या पाषाणाच्या मोठमोठ्या चिऱ्यांनी बांधलेला हा हिराकोट. आंग्रे घराण्याचा औरस वारस उरला नाही आणि दत्तकास मान्यता मिळाली नाही, तेव्हा १८४० मध्ये कुलाबा संस्थान इंग्रजांनी खालसा केले. १८६९ मध्ये कुलाबा हा स्वतंत्र जिल्हा झाला. नव्या जिल्ह्याला कचेरी हवी, खजिना हवा, तसाच तुरुंगही हवा. तट जाड, दरवाजा एकच आणि जागा जिल्हाधिकाऱ्यांच्या नजरेसमोर, अशी तयार वास्तू हाताशी असताना नवी बांधण्याचे कारण नव्हते. हिराकोट तुरुंग झाला आणि तुरुंगच राहिला.

ठाणे व अलिबाग या दोन्ही ठिकाणी घडले ते एकच. शत्रूला बाहेर ठेवण्यासाठी उभारलेले तट माणसांना आत ठेवण्याच्या कामी आले. किल्ल्यांचा हा दुसरा उपयोग स्वस्त होता, पण त्याची किंमत बंद्यांनी मोजली. उजेड, वारा, पाणी आणि सांडपाण्याची व्यवस्था यांचा विचार तटबंदी बांधणाऱ्याने केलेला नसतो. जुन्या वास्तूत वाढीव बरॅक बांधण्यास जागाही नसते.

जिल्हा बदलला, वाट लांबली

रेल्वे १८५६ मध्ये कर्जत भागातून खोपोलीपर्यंत पोहोचली. १८६३ मध्ये बोरघाटाचा चढ पूर्ण होऊन पुण्याकडील मार्गही जोडला गेला. त्यामुळे जिल्ह्याचे ठिकाण असलेले ठाणे कर्जतकरांना एका गाडीच्या अंतरावर आले. साक्षीदार, वकील, नातेवाईक यांना सकाळी निघून संध्याकाळी परतता येऊ लागले.

१८९१ मध्ये कर्जत तालुका ठाणे जिल्ह्यातून काढून कुलाबा जिल्ह्यास जोडण्यात आला. महसुलाच्या सोयीने झालेल्या या बदलाने जिल्ह्याचे ठिकाण रेल्वेवरून खाडीपलीकडे गेले. पेणमार्गे धरमतरची खाडी ओलांडून अलिबाग गाठायचे, हा घाटाखालच्या आदिवासी पाड्यांतील माणसासाठी परमुलखाचा प्रवास होता. १९८१ मध्ये कुलाब्याचे नाव रायगड झाले, रस्ते सुधारले, खाडीवर पूल झाला. तरी जिल्ह्याच्या ठिकाणी प्रवासी रेल्वे नाही, ही स्थिती कायम राहिली.

या प्रदेशात त्या काळी कोण तुरुंगात जात असे, हेही लक्षात घेतले पाहिजे. १८७८ चा वन कायदा आणि त्याच वर्षीचा मुंबई अबकारी कायदा यांमुळे लाकूडफाटा तोडणे, कोळसा पाडणे, घरगुती दारू गाळणे या नित्याच्या गोष्टी गुन्हे ठरल्या. १८९२ च्या कायद्याने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहाच्या फुलांवरही निर्बंध आले. कातकरी, ठाकूर, महादेव कोळी यांच्या जगण्याचाच भाग असलेल्या या गोष्टी होत्या. गुन्हा किरकोळ आणि दंड थोडका असे. पण तो भरण्यास रोख पैसा नसला की त्याऐवजी कैद भोगावी लागे.

मामलेदार कचेरीतील कोठडी

मग तालुक्याच्या गावी काहीच नव्हते काय? होते. मुंबई इलाख्यात प्रत्येक तालुक्याच्या मामलेदार कचेरीला लागून कच्च्या कैद्यांसाठी कोठडी असे. मामलेदार हा महसूल गोळा करणारा अधिकारी होता, तसाच तो दंडाधिकारीही होता. तालुक्याचा खजिना, दप्तर आणि कैदी हे तिन्ही एकाच आवारात, एकाच पहाऱ्याखाली ठेवणे सरकारला सोयीचे वाटे. ज्याला तालुक्याचा ‘पहिला स्थानिक तुरुंग’ म्हणता येईल, तो हाच. त्याचा शिलान्यास झाला नाही, त्यावर फलक लागला नाही. कचेरीबरोबर तो आला आणि कचेरीचाच एक भाग म्हणून राहिला.

स्वातंत्र्यानंतर, १९५१ च्या मुंबई अधिनियमाने न्यायदान व कार्यकारी सत्ता वेगळी करण्यात आली आणि खटले चालविण्याचे काम न्यायिक दंडाधिकाऱ्यांकडे गेले. तुरुंग मात्र बराच काळ कचेरीकडेच राहिला. महाराष्ट्रात तालुक्यांच्या ठिकाणी असलेल्या दुय्यम कारागृहांचा, म्हणजे बोलीतील ‘सबजेल’चा, अधीक्षक तहसीलदारच असतो आणि पहारा पोलिसांचा असतो. गावात निवडणूक असो, पंचनामे असोत वा दुष्काळ असो, त्या सर्व कामांतून वेळ काढून तहसीलदाराने कैद्यांच्या जेवणाचा ठेका आणि बरॅकच्या कौलांची दुरुस्ती पाहायची, अशी ही व्यवस्था आहे. कारागृह विभागाचे प्रशिक्षित अधिकारी तेथे नसतात.

नवे कारागृह कसे स्थापन होते?

तुरुंग हा विषय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत येतो. जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक अथवा न्यायालय स्वतःच्या अधिकारात कारागृह उघडू शकत नाही. राज्य शासनाने सामान्य किंवा विशेष आदेशाने एखादी जागा बंदी ठेवण्यासाठी ठरविली, म्हणजेच ती कायद्याने कारागृह होते. इमारत नवी असावी असे बंधन नाही. साथीच्या काळात किंवा बंद्यांची संख्या फार वाढल्यास तात्पुरता निवारा उभारण्याची तरतूद १८९४ च्या अधिनियमातच होती. करोना साथीच्या वेळी, २०२० मध्ये, अलिबाग कारागृहात येणाऱ्या नव्या बंद्यांना नगर परिषदेच्या शाळेत ठेवण्यात आले, ते याच प्रकारच्या व्यवस्थेत.

मात्र आदेश निघाला म्हणजे सारे झाले असे नाही. स्त्रिया व पुरुष, तरुण व प्रौढ, न्यायाधीन बंदी व सिद्धदोष बंदी यांना वेगवेगळे ठेवणे कायद्याने आवश्यक आहे. स्वतंत्र स्वयंपाकघर, वैद्यकीय तपासणी, मुलाखतीची जागा, रात्रंदिवस पुरेल इतका पहारा या गोष्टी लागतात. दहा-वीस बंद्यांसाठीही हा किमान खर्च टळत नाही आणि त्यामुळेच शासनाचा कल मोठ्या कारागृहांकडे असतो.

या विचाराचे मूळ जुने आहे. मेकॉले यांचा सहभाग असलेल्या तुरुंगविषयक समितीने १८३८ मध्ये शिफारस केली होती, की एक वर्षाहून अधिक शिक्षा झालेल्या कैद्यांसाठी मध्यवर्ती तुरुंग बांधावेत. त्यातून आजची उतरंड तयार झाली. दीर्घ मुदतीच्या शिक्षेचे कैदी मध्यवर्ती कारागृहात, त्याखाली जिल्हा कारागृह आणि सर्वांत खाली दुय्यम कारागृह. रायगड जिल्ह्यातील मध्यवर्ती कारागृह २००८ मध्ये पनवेल तालुक्यात, तळोजा येथे सुरू झाले. त्याची क्षमता दोन हजारांच्या घरात असून मुंबई परिसरातील कारागृहांवरील ताण हलका करणे हा त्याचा मुख्य हेतू होता. कर्जत-खालापूरला ते अलिबागहून जवळचे आहे, परंतु या दोन तालुक्यांच्या गरजेतून ते जन्मलेले नाही.

अंतराची किंमत

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ च्या अखेरीस देशातील कारागृहांत सुमारे ५ लाख ७३ हजार बंदी होते आणि त्यांपैकी ७५.८ टक्के न्यायाधीन होते. दर चार बंद्यांपैकी तिघांचा गुन्हा सिद्ध झालेला नव्हता. दीर्घ शिक्षा भोगणाऱ्याला लांब ठेवले तर त्याचे कुटुंब दुरावते. न्यायाधीन बंदीला लांब ठेवले तर त्याचा बचावही दुरावतो. त्याला वकिलाला हकिगत सांगायची असते, साक्षीदारांची नावे द्यायची असतात, जामीनदार शोधायचा असतो.

जामिनाची गोष्ट तर विशेष आहे. जामीन मंजूर होणे आणि बाहेर येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जामीनदाराने सातबारा उतारा, घरपट्टीची पावती किंवा पगाराचा दाखला आणावा लागतो. ज्या वाडीवर कुणाच्याच नावे जमीन नाही, तेथील माणसाने जामीनदार कोठून आणायचा? सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश या प्रकरणात याच प्रश्नाकडे लक्ष वेधले. एका गवंड्याकडून दहा हजार रुपयांचा जामीन मागण्यात आला होता आणि त्याच्या भावाची हमी, त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून, नाकारण्यात आली होती. न्यायालयाने ही अट अन्यायाची ठरविली. पुढच्याच वर्षी हुसैनआरा खातून प्रकरणात बिहारमधील असे बंदी समोर आले, की ज्यांनी आरोपाला असलेल्या कमाल शिक्षेहून अधिक काळ खटल्याची वाट पाहत तुरुंगात काढला होता.

त्यानंतर कायदा बराच पुढे आला आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ४७९ व्या कलमानुसार, यापूर्वी कोणत्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या न्यायाधीन बंदीने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ तुरुंगात काढला असेल तर तो जामिनास पात्र ठरतो. जन्मठेप वा मृत्युदंडाच्या गुन्ह्यांना आणि एकाहून अधिक खटले प्रलंबित असलेल्यांना हा लाभ नाही. गरीब बंद्यांच्या जामिनासाठी व दंडासाठी केंद्र शासनाने २०२३ मध्ये अर्थसाहाय्याची योजनाही आखली. परंतु हे लाभ मिळण्यासाठी कुणीतरी हिशोब ठेवावा लागतो, अर्ज करावा लागतो आणि न्यायालयाच्या लक्षात आणून द्यावे लागते. बंदी, न्यायालय आणि विधी सेवा समितीचा वकील हे तिघे एकाच गावी असले तर हे काम सोपे होते. ते तीन ठिकाणी असले की कागद फिरत राहतो.

दूरदृश्य प्रणालीमुळे हे अंतर मिटले, असे म्हटले जाते. मुदतवाढीच्या तारखांपुरते ते खरे आहे आणि कैदी पार्टी न मिळाल्याने तारीख चुकण्याचे प्रमाण त्यामुळे कमी होऊ शकते. पण पडद्यावर दोन मिनिटे दिसणारा आरोपी आपल्या वकिलाशी एकांतात बोलू शकत नाही. न्यायालयाच्या आवारात उभ्या असलेल्या आईला तो दिसतही नाही.

लहान तुरुंगाचे दोष

म्हणून प्रत्येक तालुक्यात तुरुंग बांधावा काय? उत्तर सरळ नाही. दुय्यम कारागृहांचा अनुभव संमिश्र आहे. जुन्या कचेरीतील दोन-चार खोल्यांत क्षमतेपेक्षा कितीतरी अधिक माणसे कोंबली जाणे, पूर्णवेळ डॉक्टर नसणे, स्त्रियांसाठी वेगळी सोय नसल्याने त्यांना दूरच्या कारागृहात पाठविले जाणे, वाचनालय वा कामाची संधी नसणे, या तक्रारी नव्या नाहीत. पहारा देणारे शिपाई आणि तपास करणारे शिपाई एकाच पोलीस ठाण्याचे असले, तर कोठडी आणि कारागृह यांतील भेद कागदावरच राहतो. जवळचा पण वाईट तुरुंग हा लांबच्या चांगल्या तुरुंगाला पर्याय होऊ शकत नाही.

यातून मार्ग निघतो तो कारागृह जवळचे आणि लहान ठेवून कारभार मात्र कारागृह विभागाच्या प्रशिक्षित हातांत देण्याचा. महाराष्ट्र विधिमंडळाने डिसेंबर २०२४ मध्ये कारागृहे व सुधारसेवा यांविषयीचे नवे विधेयक मंजूर केले. १८९४ च्या अधिनियमाची जागा घेण्यासाठी आणलेल्या या कायद्याच्या नावातच ‘सुधारसेवा’ हा शब्द आहे. तो शब्द तालुक्याच्या पातळीवर खरा ठरवायचा, तर सर्वांत खालच्या पायरीवरील कारागृहापासूनच आरंभ करावा लागेल.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग खालापूरमधून जातो, खोपोली व रसायनीत कारखाने आहेत, कर्जत-नेरळकडे मुंबईची वस्ती सरकत आहे. लोकवस्तीबरोबर अपघातांचे, जमिनींचे आणि मारामाऱ्यांचे खटलेही येतात. नव्या वसाहतीच्या आराखड्यात शाळा, रुग्णालय आणि बाजार यांची जागा आवर्जून राखली जाते. कारागृह मात्र कुणालाच आपल्या शेजारी नको असते. आपल्यापैकी कुणाचा त्याच्याशी संबंध येणार नाही, या समजुतीवर ही नावड उभी असते. पण ज्याचा गुन्हा अद्याप सिद्ध झालेला नाही, अशा माणसाला भेटण्यासाठी त्याच्या आईला एका दिवसाची मजुरी बुडवून खाडीपलीकडे जावे लागत असेल, तर शिक्षा निकालाच्या आधीच सुरू झालेली असते, आणि ती त्या एकट्यालाच होत नाही.